येतो गं

एका भाषणापायी मी कित्येक वर्षं बंगळूरच्या तुरुंगात होतो. त्यात वावगं काय बोललो, ते आजवर कुणी सांगितलेलं नाही. रोज सकाळी डोळे मिटून मी मनातल्या मनात राजाजीनगरच्या घरी चपला घालायचो, थोरल्या बहिणीला "अक्का, येतो गं" म्हणायचो आणि कोपऱ्यावरून दूध आणायचो. येतो म्हटलं की धड परत यावंच लागतं. त्यावरच टिकलो.

सुटताना सवयीने पहारेकऱ्यालाही कन्नडमध्ये तेच म्हणालो. तो चिडला. "इथून निघताना जातो म्हणायचं."

ते डोक्यात बसलं. दुसऱ्या दिवशी खरोखरच दुधाला निघालो आणि म्हणालो, "अक्का, जातो."

ती दारात आडवी उभी राहिली. "नीट म्हण."

इतकी वर्षं रोज म्हटलेला शब्द. आता समोर खरीखुरी अक्का होती, तर तोंडातून निघेना.