डुकरं हाकलणारं प्रवचन

पन्नास सालानंतरच्या त्या काळात मुळशीत लाउडस्पीकर पोचला नव्हता. मी पोचलो होतो. मी माले गावात शुभवर्तमान सांगायला लागलो की दूर कोळवणात गुरं दावी तोडायची. येशूकडे कुणी वळलं नाही, पण भातातली रानडुकरं पार ताम्हिणीच्या घाटात पळाली. शेतकरी हात जोडून म्हणत, "पाद्रीबाबा, आज आमच्या खाचराकडं तोंड करून प्रार्थना करा!"

मग घशात गाठ आली. डॉक्टरांनी ती काढली, तिच्याबरोबर आवाजही गेला. उरली नुसती कुजबुज. देवाला म्हटलं, लोलक काढून घेतलास, मग ही घंटा कशाला टांगून ठेवलीस? आता माझ्या सेवेचं काय?

भात पिकत आलं तेव्हा एका संध्याकाळी शेजारचा म्हातारा आला आणि माझ्या तोंडाला कान लावून बसला. "ते हरवलेल्या मेंढराचं सांगा. आधी निस्ता दणका ऐकू यायचा, सबूद एक कळत न्हवता."

मी कुजबुजत सांगू लागलो. मेंढपाळ मेंढरू शोधत डोंगरात शिरला, तेवढ्यात समोर म्हाताऱ्याच्या भातात डुकरं शिरली. मी घाबरून बोट दाखवलं.

"खाऊ द्या वो," तो कान न हलवता म्हणाला. "घावलं का मेंढरू?"