मुराळ्याची गाडी

आमच्या ह्यांना गाडी कललेली चालत नाही. गाडी म्हणजे आमची जुनी पांढरी चारचाकी, दुसऱ्याने वापरून सोडलेली. वळणावर ती जराशी झुकली की हे असे दात आवळून बसायचे, जणू स्टेअरिंग मीच ओढलंय. चिकलठाण्याच्या कारखान्यात उभा जन्म यंत्रं सरळ बसवण्यात गेला, त्याचीच सवय घरी आली असेल, असं मी धरून चालले होते. निवृत्त नवऱ्याला शहाण्या बायका भाजी निवडायला बसवतात. मी ह्यांना मोकळं सोडलं, आणि हे पडेगावच्या एका गॅरेजवर जाऊन बसायला लागले.

एके दिवशी गाडी दारात आली ती ओळखूच येईना. बुटकी झाली होती. रुंद टायर, चकचकीत चाकं, कडक नवे शॉकअप, आणि चारी स्प्रिंगांचा एकेक वेढा कापून टाकलेला. सोबत मिस्त्रीही आला होता, माझी समजूत घालायला.

"चाची, अब गाडी रोड को चिपक के चलती. मोड पे बिल्कुल हिलती नै."

"आणि खड्ड्यात?" मी विचारलं.

मिस्त्री ह्यांच्याकडे बघायला लागला आणि हे टायरकडे.

खरं सांगायचं तर वळणावर गाडी हलायची नाही, हे मला मान्य आहे. पण आमच्या गावात वळणं किती आणि खड्डे किती? शेजारच्या काकूंना एकदा बाजारातून घरी सोडलं, तर उतरल्याबरोबर त्यांनी आधी कवळी चाचपून पाहिली. आणि ब्रेकर आला की विचारूच नका. बुटक्या गाडीचं पोट घासू नये म्हणून मागच्यांनी उतरायचं, गाडी तिरपी तिरपी पुढे सरकायची, आणि पालखीमागून चालावं तसं आम्ही भाजीच्या पिशव्या घेऊन तिच्या मागून चालायचं. लोक थांबून धक्का मारायला यायचे. गाडी बंद पडलेली नाही हे त्यांना पटवताना माझा घसा बसायचा.

हे सगळं मी हसण्यावारी नेलं असतं. पण लेकीला सातवा महिना लागला. लेक पिशोरला दिलेली. पहिलं बाळंतपण म्हणजे तिला माहेरी आणायची, आणि आणायला मुराळी कोण जाणार यावर चर्चाच नव्हती. बाप जाणार, आणि स्वतःच्या गाडीतून जाणार. ह्यांनी सीटला नवी कव्हरं शिवून घेतली. मागच्या काचेला पडदे लावले. रोज सकाळी गाडी पुसता पुसता हे गुणगुणायचे, आणि इतक्या वर्षांत मी ह्यांना गुणगुणताना कधी ऐकलं नव्हतं.

"ह्या गाडीत माझी लेक बसणार नाही," मी सांगून टाकलं. "दणक्यानं काही बरंवाईट झालं म्हणजे?"

"अगं, मधी घाट हाय. वळणं लई बेकार. हीच गाडी पायजे."

"भाड्याची करा."

"बाप जित्ता असताना भाड्याची?"

दोन दिवस आम्ही फक्त पातेल्यांच्या आवाजातून बोललो. शेवटी तोड मीच काढली. मडक्यात दही लावलं. विरजण संपलं होतं, म्हणून माझी आई करायची तशी कोमट दुधात देठासकट हिरवी मिरची टाकली. सकाळी दही असं घट्ट लागलं की बोट ठेवलं तर उमटावं. ते मडकं मागच्या सीटवर पट्ट्यानं बांधून दिलं.

"वेरूळपर्यंत जाऊन या. दही मोडलं नाही तर लेकीला खुशाल आणा. मोडलं तर विषय संपला."

हे दुपारी लढाई जिंकल्यासारखे परत आले. मडकं ओट्यावर ठेवलं, झाकण उचललं.

"बघ! तडा तरी हाय का?"

नव्हता. दही सुरीनं कापावं असं होतं. मी हरले असं कबूल करून जेवायला वाढायला घेतलं. डाव मडक्याच्या तळापर्यंत गेला, चारी बाजूंनी फिरला.

"मिरची कुठंय?"

"कसली मिरची?"

"मी घातलेली."

हे पंख्याकडे बघायला लागले. "विरघळली आसंल."

"देठासकट?"

मग सगळं बाहेर आलं. माझं दही दौलताबाद यायच्या आतच ताक झालं होतं. ते ह्यांनी रस्त्याकडेला झाडाखाली बसून पिऊन टाकलं, पुरावा नको म्हणून मिरचीही खाल्ली, पडेगावला येऊन मडकं धुतलं, डेअरीवाल्याकडचं घट्ट लागलेलं दही त्यात अख्खंच्या अख्खं बसवून घेतलं आणि तिथून घरापर्यंत गाडी मुंगीच्या पावलांनी आणली.

"मिरची लई तिखट व्हती," एवढंच हे म्हणाले.

मी पदर तोंडाला लावून हसत सुटले. हसता हसता पाहिलं तर हे हसत नव्हते. ताटातला भात नुसता चिवडत होते.

"आमची बैलगाडी कलंडली व्हती," हे म्हणाले. "नाल्याच्या वळणावर. मी धा वर्साचा आसंल. आईला दिवस गेलेले. गाडी कलली की समद्यांनी वरच्या अंगाला रेलायचं, आसं बाप सांगायचा. त्या दिशी मी झोपलो व्हतो."

"मग?"

"आई वाचली."

माझं हसू जागच्या जागी आटलं. फार वाईट वाटलं. आणि रागही आला, एवढा संसार झाला तरी हे पोटात ठेवून हा माणूस माझ्याशी स्प्रिंगांवरून भांडत होता. मी दणक्याला भीत होते, हे कलण्याला. भीती एकाच जिवासाठी होती.

दुसऱ्या दिवशी मी सांगायच्या आधीच हे गाडी घेऊन पडेगावला गेले. कापलेला वेढा काही परत जोडता येत नाही. तसल्या जुन्या गाडीच्या मऊ स्प्रिंगा शोधण्यात मिस्त्रीचा आठवडा गेला, आणि हे रोज तिथे जाऊन त्याच्या उशाशी बसले.

एका दुपारी दारात रिक्षा थांबली. आधी विहीणबाई उतरल्या, मग त्यांच्या हाताला धरून आमची लेक.

"एष्टीनं आलात?" मी ओरडलेच.

"तुमच्या स्प्रिंगांचा मुहूर्त कवा निघायचा?" विहीणबाई म्हणाल्या. "पुढली शीट भेटली, बसलो. काय व्हतंय?" आणि त्यांनी मांडीवर धरून आणलेलं मडकं माझ्या हाती दिलं. आत दही होतं. एक रेघ नाही, एक तडा नाही.

संध्याकाळी हे परतले. लेकीच्या डोक्यावर हात ठेवला, मडक्यात डोकावले आणि मला हळूच विचारलं, "मिरची हाय का बघितलं?"

मिरचीचा किस्सा मी दुपारीच दोघींना सांगितला होता; आम्ही सगळ्या हसलो, हेही हसले. पण जेवणानंतर मी पाहिलं, हे अंगणात गाडीचे पडदे काढून घडी घालत होते. मुराळी व्हायचं राहिलं ते राहिलंच.

पुढे लेकीला मुलगी झाली. दवाखान्यातून तिला घरी आणायला आमचीच गाडी गेली. मऊ स्प्रिंगा, साधी चाकं, पूर्वीसारखी उंच. हे पुढे एकटे, मागे लेक आणि बाळाला घेऊन मी. खड्डे कुठे गेले कळलं नाही. मग चौकातल्या मोठ्या वळणावर गाडी कलली, अगदी पूर्वीसारखी. ह्यांनी स्टेअरिंग घट्ट धरलं आणि कमरेपासून वरच्या अंगाला रेलले.

"बाबा, हे काय करताय?" लेकीला हसू आवरेना.

मी तिला दटावणार होते. तेवढ्यात माझ्या लक्षात आलं, बाळाला छातीशी धरून मीसुद्धा त्याच बाजूला रेलले होते.

गाडी सरळ झाली. ह्यांनी मागे न बघता विचारलं, "झोपली का ती?"

"झोपली."

"झोपू दे," हे म्हणाले. "आपण हाओत की जागे."