काटा लाल रेघेवर

वर्कशॉप चालवणाऱ्या माणसाकडं दोन गोष्टी साठत जातात, भंगार आणि किस्से. भंगार निदान टेम्पोत भरून पाठवता तरी येतं. किस्से तिथंच पडून राहतात, आणि कुणी चहाला आलं की आपणच एकेक काढून दाखवत बसतो. माझ्या किश्श्यांची अडचण एवढीच, की ऐकणारे हसतात आणि सांगता सांगता माझीच मान खाली जाते. तरी सांगतो.

नागापूरच्या एमआयडीसीत माझी छोटी शेड आहे. आधी गेट, ग्रिल, जिन्याचे कठडे असलं काम करायचो. मग एक दिवस मोबाईलवर स्टीमपंकची चित्रं बघितली आणि माझं डोकंच फिरलं. पितळी नळ्या, रिव्हेट मारलेले पत्रे, उघडे गिअर, काचेमागं थरथरणारे काटे! आजकाल प्रत्येक वस्तूचं पोट बंद असतं. मोबाईल बिघडला तर आत काय गेलं ते दुकानदारालाही धड सांगता येत नाही. या चित्रांतली यंत्रं मात्र सगळं उघड्यावर करत होती. कोण कुणाला फिरवतंय, वाफ कुठून येते, कुठं जाते, सगळं दिसत होतं. ज्या हौशेनं मी मेकॅनिकलचा डिप्लोमा केला आणि जी नोकरीत कधीच भागली नाही, ती तिथं भागणार असं मला वाटलं.

आमचे वेल्डर रफिकभाई. त्यांना मी अर्धा तास समजावलं, की वीज आणि पेट्रोल आलंच नसतं, सगळं जग वाफेवरच चाललं असतं, अगदी विमानंसुद्धा, तर ते कसं दिसलं असतं त्याची ही कल्पना आहे. रफिकभाईंनी शांतपणे ऐकून घेतलं.

"म्हंजी लाइट गेलेली दुनिया," ते म्हणाले. "त्याची कल्पना कशाला करायची शेठ, उन्हाळ्यात आपल्याकडं रोजच असती."

* * *

पहिला माल काढला तो गॉगलचा. वेल्डिंगच्या गॉगलच्या सांगाड्याला पितळी कड्या, चामड्याचा पट्टा, बाजूला एक छोटा गिअर. पुण्याची कॉलेजची पोरं ऑनलाइन मागवायची. एकजण खास बघायला आला आणि त्याला नवे आवडेनात. त्याची नजर रफिकभाईंच्या डोळ्यांवरच्या जळक्या, ठिणग्यांनी खड्डे पडलेल्या गॉगलवर. हाच हवा म्हणून अडून बसला. मी रफिकभाईंच्या डोळ्यांवरून तो काढून त्याला दिला, आणि रफिकभाईंना म्हटलं, आजचा दिवस आपल्या मालातला वापरा.

आपल्या मालातल्या काचा साध्या, रस्त्यावरच्या टोपी-चष्मेवाल्याकडच्या उन्हाच्या चष्म्याच्या होत्या. त्यांनी वेल्डिंगचा झोत अडत नाही, हे मला ठाऊक होतं. गडबडीत लक्षात राहिलं नाही, असं मी तेव्हा म्हणालो.

दुसऱ्या दिवशी भेटायला गेलो तर रफिकभाई दोन्ही डोळ्यांवर कच्च्या बटाट्याच्या चकत्या ठेवून पडलेले. मी खुर्चीच्या टोकावर बसून राहिलो. तेच म्हणाले, "गॉगल लई भारी दिसतोय शेठ. फकस्त आपल्याला दिसत न्हाई."

* * *

मग तात्या आले. कसे आले तेही लाजिरवाणंच आहे.

मी शेडवर नवा बोर्ड लावला होता. एकमेकांत दात अडकवलेले तीन मोठे गिअर, खाली दुकानाचं नाव. एक म्हातारे गृहस्थ सकाळच्या फिरण्यात त्या बोर्डाखाली थांबायचे आणि वर बघत राहायचे. मला वाटलं, आवडला. चौथ्या दिवशी ते आत आले आणि बोर्डावरचं चित्र कुणी काढलं म्हणून विचारलं. मी म्हटलं, मीच. शिक्षण विचारलं. मी म्हटलं, डिप्लोमा, फर्स्ट क्लास.

"मंग ह्ये फिरनार कसं?" तात्या म्हणाले.

मी बोटं पुढं केली आणि मोजायला लागलो. पहिला उजवीकडं फिरला की दुसरा डावीकडं. दुसरा डावीकडं तर तिसरा उजवीकडं. आणि तिसरा पुन्हा पहिल्यात अडकलेला! दोघं उजवीकडं, म्हणजे तिघंही जाम. एवढं मला कागदावर काढताना कळलं नव्हतं.

बोर्ड अजून तोच आहे. व्हिजिटिंग कार्डंही तशीच छापून झाली होती.

* * *

तात्या एका साखर कारखान्यात बॉयलर अटेंडंट होते. निवृत्त होऊन नागापूरला मुलाकडं आलेले, दिवसभर करमायचं नाही. माझ्याकडं येऊन पितळ घासायला बसले ते बसलेच. तीस गळीत हंगाम बॉयलरपुढं काढल्यामुळं कान गेले होते, पण त्या आवाजात माणसं ओठ बघूनच बोलणं ओळखतात. हे आम्हाला उशिरा कळलं. एकदा ग्राइंडर चालू असताना रफिकभाई शेडच्या दुसऱ्या टोकाला मला हळूच म्हणाले, म्हाताऱ्याला आता चहा सांगू नका, चौथा होईल.

"तिसरा," तात्या तिकडून म्हणाले.

त्यांना एकाच गोष्टीचा अभिमान होता. तीस हंगामांत त्यांनी बॉयलर हाऊस दोनदा रिकामं केलं होतं आणि दोन्ही वेळा कुणी कारण विचारलं नव्हतं. "म्या हात वर केला की चीफ इंजिनिअर बी आधी पळायचा, मंग इचारायचा," असं सांगायचे. दुसऱ्या खेपेला खरंच बॉयलरची नळी फुटली होती आणि सगळे बाहेर होते.

* * *

सावेडीत एका कॅफेची सगळी भिंत स्टीमपंक करायचं काम मला मिळालं. आतापर्यंतचं सगळ्यात मोठं. त्यासाठी भंगारातून वाफेचा दाब दाखवणारा एक जुना प्रेशर गेज आणला, ताटलीएवढा, पितळी. तात्यांनी तो हातात घेतला आणि काचेवर बोटानं टिचकी मारली. ही त्यांची सवय. काटा कधी कधी अडकून बसतो, म्हणून टिचकी मारल्याशिवाय गेज वाचायचा नाही, असं त्यांना कारखान्यातल्या उस्तादांनी शिकवलेलं.

हा कशाला जोडणार, त्यांनी विचारलं. खरं उत्तर होतं, कशालाच नाही. पण ते सांगितलं की तात्यांचा चेहरा पडायचा आणि पुढचा तासभर बोलणं बंद, हे मी आधी बघितलेलं. म्हणून म्हणालो, कॉफीच्या मशीनला. तिला खरी वाफ असते.

तात्यांनी आठ दिवस त्या गेजवर घातले. आतली वाकडी नळी साफ केली, सूक्ष्म दातांची चाकं रॉकेलमध्ये धुतली. घरून सायकलचा पंप आणला, जोडला आणि हवा मारली. काटा चढला. हवा सोडली, काटा परत शून्यावर. तात्यांनी रफिकभाईंना बोलावून पुन्हा दाखवलं, मला बोलावून पुन्हा दाखवलं.

कॅफेच्या मालकाला मात्र शून्यावरचा काटा मेल्यासारखा वाटला. फोटोत थ्रिल पाहिजे, काटा धोक्याच्या लाल रेघेच्या पुढं पाहिजे. मी काच उघडली, काटा लाल रेघेपलीकडं ढकलला आणि खाली गमाचे दोन थेंब सोडले. तात्यांना सांगितलं नाही.

* * *

उद्घाटन सकाळी अकराला होतं. तांब्याच्या पत्र्याचा खोटा बॉयलर, त्यामागं लपवलेल्या यंत्रातून निघणारं पांढरं धुकं, भिंतीपलीकडं फुसफुसणारं खरं कॉफी मशीन. चाळीसेक पाहुणे. तात्या धुवट कपडे, टोपी घालून आले आणि सरळ आपल्या गेजपाशी गेले. कारखान्यात हंगामाआधी बॉयलर पेटवायची पूजा असायची, तसा चेहरा होता.

त्यांनी टिचकी मारली. पुन्हा मारली. काटा लाल रेघेपलीकडं, हलेना. वरच्या सांध्यातून पांढरं येतंय. तात्यांनी हात वर केला.

"भाईर! समदे भाईर व्हा!"

आवाजात काय होतं कोण जाणे, पण माणसं उठली. कप टेबलावर, पर्स खुर्चीत, पोरं काखेत, आणि सगळे रस्त्यावर. खरं सांगतो, मीसुद्धा पळालो. ज्यानं काटा चिकटवला तोच!

बाहेर आल्यावर मला कळलं. काचेतून आत बघितलं तर तात्या एकटेच. वाफ सोडायला व्हॉल्व्ह शोधत होते. पहिलं चाक धरलं, फिरेना. दुसरं फिरेना. सगळी चाकं वेल्ड करून बसवलेली, शोभेची. त्यांनी हाताला रुमाल गुंडाळला आणि तिसऱ्याला झोंबले. इकडं कुणीतरी पहिल्यांदा हसलं, मग सगळेच. मोबाईल वर झाले.

मालकानं विचारलं, "कोण आहे हा?" त्याच्या आणखी दोन कॅफेंचं काम मला मिळायचं होतं. मी हळू आवाजात म्हणालो, "पॉलिशला येतो आमच्याकडं. डोकं जरा सरकलंय त्याचं."

'त्याचं' म्हणालो. तीस हंगाम काढलेल्या माणसाला. नेमके तेव्हाच तात्या सगळे बाहेर पडले का ते बघायला काचेकडं वळले होते.

मग मी आत गेलो. ते पुन्हा चाकाशी झटत होते, पाठ माझ्याकडं. मी म्हटलं, तात्या, हे खोटं आहे. ऐकू गेलं नाही. तेव्हा ओरडलो, "तात्या, खोटं आहे सगळं!" दार उघडंच होतं. रस्त्यावरच्या प्रत्येकाला ऐकू गेलं.

तात्यांनी चाक सोडलं. रुमालाची घडी घातली, खिशात ठेवली. काटा, एवढंच विचारलं. मी म्हटलं, चिकटवलाय. ते टोपी नीट करून गर्दीतून निघून गेले.

* * *

त्याचा रील झाला. अजून फिरतोय. पोरं त्या गेजपुढं उभी राहून हात वर करतात, "भाईर!" म्हणतात आणि फोटो काढतात. मालक खूश झाला आणि दोन्ही कॅफेंचं काम मला दिलं. तिथंही असाच गेज हवा म्हणाला. मी हो म्हणालो. नाही म्हणायला तोंड होतं, वापरलं नाही.

रफिकभाई चार दिवस माझ्याशी कामापुरतंच बोलले. पाचव्या दिवशी बाहेर उभे राहून वर बघत म्हणाले, "बोर्ड बदलू नका शेठ. बराबर हाय. आपल्याकडं काहीच फिरत न्हाई."

* * *

तात्या दोन आठवडे आले नाहीत. मी त्यांच्या घराच्या कोपऱ्यापर्यंत दोनदा गेलो आणि परत फिरलो. तिसऱ्या आठवड्यात सोमवारी, नेहमीसारखे दहाला आले. पंप न्यायला आले असतील असं वाटलं. पण ते बेंचवर बसले, समोरचा जुना गेज ओढला, टिचकी मारली आणि पाठीमागचे स्क्रू सोडायला लागले.

रफिकभाई एक जाड पाइप ग्राइंडरवर धरून होते, कानठळ्या बसत होत्या. दारात शेजारच्या शेडमधली चार माणसं चहा घेत उभी. मी ड्रिल मशीनच्या अलीकडं उभा राहिलो. तात्यांनी मान वर केली तेव्हा आवाज न काढता नुसते ओठ हलवले. तात्या, चुकलं माझं.

त्यांनी स्क्रू ड्रायव्हर खाली ठेवला.

"हळू बोललेलं मला समदं दिसतं, संदीप. त्या दिवशी बी दिसलं. ह्ये मोठ्यानं म्हन."

रफिकभाईंनी ग्राइंडर बंद केला.