जाळीमागचा पंजा

भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आजही नाही. चिंचवडला रेल्वेलाइनीजवळच्या एका कारखान्यात मी स्टोअर सांभाळतो. मोजल्याशिवाय खिळासुद्धा देत नाही. इथे लिहिलेलेही तसेच धरावे.

आमच्याकडे खंडेनवमीला यंत्रे बंद ठेवून पुजतात. प्रत्येक कामगार उजवा हात ओल्या कुंकवात बुडवून आपल्या यंत्रावर पंजा उठवतो. रहाटणीच्या गेणूची करंगळी लहानपणी मोडून बाहेर वळलेली. "गेणू, तुझा पंजा न्हाई, फाटा हाय! करंगळीकडं वळलं की रहाटणी," अशी दर वर्षी चेष्टा चाले.

"या की मंग, भाकरी घालतो," तो म्हणे.

गेल्या भाद्रपदात पत्रा दाबायच्या प्रेसखाली तोच हात मनगटापासून गेला. हाताला अडवणारी जाळी त्या प्रेसला कधी नव्हतीच. मी दोनदा मागितली होती. अपघातानंतर मॅनेजरांनी ती बसवली, मग नटांसकट सगळ्याला हिरवा रंग मारून घेतला, आणि सरकारी खात्याला कळवले — जाळी होती, गेणूने मुद्दाम काढली. हे खरे ठरले तर कायद्याने भरपाई नाही. घरात बायको, तीन मुली... आणि कमावता हात हा एवढाच.

खंडेनवमीच्या सकाळी फॅक्टरी इन्स्पेक्टर आले. मी खरे ते सांगितले. मॅनेजर हसले, "स्टोअरवाले गेणूचे शेजारी आहेत, साहेब." झाले... माझा शब्द वाया गेला.

इन्स्पेक्टर वाकून जाळीतून पाहू लागले. "हा पंजा कुणाचा?"

आत, प्रेसच्या अंगावर, कुंकवाचा उजवा पंजा. करंगळी बाहेर वळलेली.

"गेणूचा, साहेब!" मागून दोघे-तिघे एकदम बोलले.

"जाळीतून हात आत गेला कसा? म्हणजे गेल्या खंडेनवमीला जाळी नव्हती," इन्स्पेक्टर म्हणाले.

"छे! गेल्या वर्षीचा कसा असेल? रंग तर परवाच—" मॅनेजर बोलून गेले आणि थांबले.

"परवा? अपघातानंतर?"

इन्स्पेक्टरांनी वहीत लिहिले — अपघातानंतर जाळी बसवून वरून रंग. काही महिन्यांनी भरपाई मंजूर झाली.

पण रंगाबद्दल मॅनेजर खरेच बोलले होते. डबा मीच दिला होता, आणि पंजा रंगाच्या वर होता. आदल्या संध्याकाळी यंत्र पुसून घेतले तेव्हा तो नव्हता. मी फूटपट्टी लावली — जाळीचे भोक पाऊण इंच. नटांवरचा रंग कुठेही तडकलेला नव्हता. याचा उलगडा मला अजून झालेला नाही, आणि पुढचे तर मुळीच कळत नाही.

खंडेनवमीच्याच संध्याकाळी गेणूकडे गेलो. मी काही सांगण्याआधी तोच म्हणाला, "आण्णा, सकाळपास्नं हात वला लागतोय."

"कुठला?"

डाव्या हातात धोतराचा सोगा घेऊन तो बांधलेल्या मनगटाच्या पुढे, रिकाम्या जागेत, एकेक बोट पुसत होता. करंगळीपाशी आला की सोगा जरा बाहेर वळवी.