लिओनाच्या भिंतीतली पांढरी तार

तर त्या पोरीची व्हॅन लिओनाच्या दारात दिसली आणि लुमिर कुबिचेकने आपली पिकअप इतकी हळू केली, की मागचा ट्रॅक्टर त्याला ओलांडून गेला. ट्रॅक्टरवर मीच होतो, म्हणून सांगतो.

लुमिर म्हणजे आमच्या नेब्रास्कातल्या ह्या टापूचा जुना वायरमन. निम्म्या गावाच्या भिंतींत त्याच्या हातच्या तारा. लिओना हावलाटचं घरही त्याचंच काम. तिचा नवरा गेल्यापासून साधा बल्ब बदलायलाही तोच जायचा, दाढी करून. आणि आता नवे ब्रेकर बसवायला तिने त्या व्हॅनवाल्या पोरीला, नव्या वायरमन ट्रिशा दोस्तालला बोलावलं. लुमिरचा नुसता जळफळाट.

धान्याच्या कोठारावर आम्ही म्हातारे कॉफीला जमतो, तिथे तो बोलायचा थांबेना. हे नवे ब्रेकर तारेत ठिणगी उडाली की वीज तोडतात, ते ठीक. पण तांबं वाचवायला, तेव्हाच्या रीतीप्रमाणे, लिओनाच्या स्वयंपाकघरात त्याने टोस्टरची काळी आणि कॉफीयंत्राची लाल तार वेगळी नेऊन परतीची पांढरी दोघींत एकच ठेवली होती. तिथे दोन सुटे ब्रेकर लावले, तर गेलेल्या आणि परतलेल्या विजेचा मेळ बसत नाही, ते उगाच पडत राहतात. दोन्ही तारांना मिळून एकच, जोडब्रेकरच हवा. त्या पोरीला हे कुठलं ठाऊक, म्हणे.

आणि खरंच लिओनाचा ब्रेकर पडायला लागला! लुमिर टॉर्च घेऊन निघाला, साक्षीला मला ओढलं. ट्रिशा आधीच आलेली. पॅनेल उघडलं, तर आत जोडब्रेकरच.

"पांढरी एकच आहे, ते बघितलं मी," ट्रिशा म्हणाली. "ठिणगी खरीच आहे, मिस्टर कुबिचेक. भिंतीत कुठेतरी."

कपाट सरकवून फळी काढली. तार धरून ठेवणाऱ्या कडीखिळ्यावर हातोड्याचा एक घाव जास्त बसला होता. त्याखाली तारेचं आवरण चेपून काळं पडलेलं. हातोडा कुणाचा, हे कुणी विचारलं नाही. ट्रिशाने ती तार बदलली, लुमिरने तिला टॉर्च धरला, तोंड पाडून.

मग लिओनाने खसखशीचे कोलाचे, म्हणजे आमचे गोड पाव, भट्टीतून काढले आणि पहिला, गरम, जो एरवी लुमिरला मिळायचा, तो ट्रिशाला दिला. लुमिर त्या कोलाचेकडे बघत राहिला. ट्रिशा गेल्यावर लिओनाने त्याला सरळच विचारलं, की पुढच्या वेळी कुणाला बोलवू?

तो म्हणाला, "कामाला तिलाच बोलव, लिओना. पण ती गेल्याशिवाय कोलाचे बाहेर काढू नकोस."