आत्याबाईंच्या मुंग्या

माझं माहेर अकोल्याचं, सासर अमरावतीचं. ऊन दोन्हीकडे सारखंच, माणसंही सारखीच तोंडाळ, पण मुंग्या सासरच्या जास्त. वलगावच्या रस्त्याला आमचा भाजीचा मळा होता आणि मळ्याला लागूनच घर. उन्हाळ्यात काळी जमीन उकलली की भिंतींनाही भेगा पडायच्या. त्यातून लाल मुंग्या निघायच्या त्या थेट स्वयंपाकघरात. लढाईचे दिवस होते. साखर कंट्रोलची, तीही मिळाली तर मिळाली. सगळी भिस्त गुळावर, आणि गुळाच्या डब्याचं झाकण उघडावं तर आत नुसती वळवळ. माझ्या डोक्यात सणकच जायची.

घरात आम्ही तिघं. मी, हे, आणि माझ्या सासूबाई. त्यांना मी आत्याबाई म्हणायची. त्यांचा एक डोळा लहानपणी देवीत गेलेला, आणि उरलेल्या डोळ्यात आता मोतीबिंदू उतरला होता. सरकारी दवाखान्यातले डॉक्टर म्हणाले, अजून पिकला नाही, पिकला की काढू. आत्याबाईंनी तिथंच सांगून टाकलं, "मी नाई येत." तिवशाची कोणी बाई डोळा कापायला गेली ती काठी धरूनच परत आली, हे त्यांच्या मनातून जात नव्हतं. जसजसं दिसणं कमी झालं तसतशी त्यांनी चूल घट्ट धरली. भाकरी अंदाजानं थापायच्या. वरणात मीठ दोनदा पडायचं. आम्ही गुपचूप जेवायचो.

मुंग्यांशी मात्र मी गुपचूप राहणारी नव्हते. मी मूळची चिडकी. जाळीच्या कपाटाच्या चारी पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवल्या. उन्हानं पाणी आटायचं म्हणून दोन दोन वेळा भरायची. कपाट भिंतीपासून पुढे ओढलं, भेगा शेणमातीनं लिंपल्या, वर हळद दाबली. रॉकेल दिव्यालाच पुरत नव्हतं, तरी त्यात चिंधी भिजवून गुळाच्या डब्याला गुंडाळली. मग आठ दिवस चहाला रॉकेलचा वास. हे म्हणाले, "मुंग्या परवडल्या बाप्पा, पन तू आवर."

एवढं करूनही गुळात मुंग्या. शेवया आणि पापड शाबूत, कंट्रोलची साखरही शाबूत, फक्त गुळातच. वाट्या काठोकाठ भरलेल्या. पाण्यावरून चालत येतात की काय मेल्या! मला काही कळेना.

एका दुपारी मी वांगी तोडायला मळ्यात गेले आणि टोपली विसरले म्हणून परत आले. आत्याबाई भिंतीशी उकिडव्या बसल्या होत्या. समोर गुळाचा खडा, मुंग्यांनी माखलेला. त्यांनी तो चाचपून उचलला, अर्धा दातांनी तोडला, चावला, तोंड वाकडं केलं. मग उरलेला अर्धा, मुंग्यांसकट, डब्यात टाकून झाकण लावलं.

"आत्याबाई! थुका, थुका! मुंग्या हायेत त्याले!"

"मले मालूम हाय."

"मालूम हाय तं खाऊन काहून राह्यल्या?"

"मुंग्या खाल्ल्या की डोये साजरे होतात. तुह्या मायनं नाई सांगतलं तुले?"

सांगितलं होतं की. कोणाची आई सांगत नाही? चहात मुंगी निघाली आणि पोरानं भोकाड पसरलं, की पी रे, डोळे चांगले होतात. पोराला गप्प करायचं ते बोलणं. म्हातारं माणूस ते खरं धरून मुंग्या चावत बसेल, असं कोणाला वाटेल? चार दिवसांपासून त्यांचा खालचा ओठ सुजला होता, मी समजत होते उष्णता झाली. मला आधी हसू आलं, मग राग आला. माझी इतक्या दिवसांची मेहनत या बाईनं पाण्यात घातली होती!

मी तोंड सोडणार, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "माही सासू आंधयी झाली होती. कितीक वर्सं वसरीत बसून राह्यली. ताट मीच नेऊन देऊ. रोज इचारे, आज काय रांधलं वं? मी म्हनो, पुढं आलं ते खा." त्यांनी गुळाची चिकट बोटं लुगड्याला पुसली. "मले तसं नाई बसायचं, सूनबाई."

माझा सगळा राग कुठच्या कुठे गेला. पण गोड बोलायची सवय नाही, म्हणून म्हटलं, "खा मंग. पन लाल खाऊ नका, काळ्या खा. त्या चावत तरी नाईत. आन् मोतीबिंदू पिकला की मुकाट्यानं माह्यासंगं दवाखान्यात यायचं. मी बसतो तुमच्यापाशी."

त्यांनी डब्याचं झाकण चाचपून घट्ट केलं. मग म्हणाल्या, "काया मुंग्यांचा गुन येते काय पन?"

"येते. माह्या मायनं कायाच सांगतल्या होत्या," मी ठोकून दिलं.

दिवाळी झाल्यावर मोतीबिंदू काढला. मला आत सोडलं नाही. दाराबाहेर फरशीवर बसून मी आठवेल त्या देवाला नवस बोलत होते. नंतर पट्टी बांधून उताणं निजवलं, मान हलवायची नाही. घरी आणल्यावरही धूर नको, वाकणं नको. माझा सगळा वेळ त्यांच्यापाशी जायचा, त्यात मुंग्यांचं चांगलंच फावलं.

पुढं जाड भिंगाचा चष्मा आला. ह्यांनी तो आत्याबाईंच्या कानांवर अडकवला. त्यांनी ह्यांच्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. उठल्या आणि स्वयंपाकघरात गेल्या. मी मागोमाग. त्यांनी गुळाचा डबा उघडला.

"बाप्पा! गूळ हाय का वारूळ? एवढ्या धडधडीत मुंग्या, दिसत नाईत काय वं तुले? घराची पार रया घालवली!"

लग्न झाल्यापासून त्यांची बोलणी खात आले, एकही कधी गोड लागलं नव्हतं. त्या दिवशी मी दाराला टेकून मोठ्यानं रडले.

"रडून काय राह्यली? परात आन."

परात घेऊन त्या उजेडाला बसल्या. गुळाचा एकेक खडा भिंगाजवळ धरायच्या आणि चिमटीनं मुंगी काढायच्या. मला हात लावू देईनात. "हे पाय, हे लाल हाय. हे काई. हे मेलेली हाय, हे पाय." भाकरी व्हायच्या होत्या. मी त्यांच्या शेजारी जाऊन बसले.