जमीनदाराची लेक

वंशावळ काढावी तर माझ्या सासऱ्यांनी. आमच्या कुळाची त्यांनी स्वतः काढली आणि फ्रेम करून पुण्याच्या घरात लावली. त्यात फक्त मुलगे. माझ्या नवऱ्याखाली कोरी जागा, कारण आम्हाला एकच मुलगी. त्या जागेवरून मी लेक झाल्यापासून धुसफुसते आहे, आणि "मुलगी सासरच्या कुळात मोजतात गं" हे उत्तर मला तोंडपाठ आहे.

यंदा सासरे जर्मनीत उंटरश्लाइसहाइमला आमच्याकडे आले होते, सासूबाई पुण्यातच होत्या. तेव्हा खालच्या मजल्यावरचे म्हातारे शेजारी काम घेऊन वर आले. ते जर्मन, पण त्यांची आई इंग्रज. आपण मध्ययुगातल्या एका इंग्रज जमीनदाराच्या वंशातले, गावच्या चर्चमध्ये त्याची दगडी समाधी आहे, असं आई सांगायची. ते खरं असेल तर एकदा जाऊन आईच्या नावाने तिथे फूल ठेवायचं, एवढीच त्यांची इच्छा. आईचं इंग्रजी ते केव्हाच विसरलेले. मी म्हटलं, "गेनाऊ, बरोबर दारात आलात."

कॉम्प्युटर माझा, डोकं सासऱ्यांचं. मागे मागे जात आम्ही झपाट्याने जमीनदारापाशी पोचलो आणि तिथेच अडलो. त्याला एकच मुलगी. जमीन मात्र पुढे त्याच आडनावाच्या एका मुलाकडे गेलेली, आणि त्या मुलाचा बाप भलताच कोणीतरी.

"अगं, सोपं आहे," सासरे म्हणाले. "दत्तक घेतला. एवढा जमीनजुमला आणि मुलगा नाही, दुसरं काय करणार तो?"

मलाही लगेच पटलं. आपल्याकडे कितीतरी घराणी अशीच चालली. मी ऐटीत खाली जाऊन सांगून आले.

"आल्झो," शेजारी म्हणाले, "म्हणजे आम्ही त्याचे कोणीच नाही." जायचा बेत त्यांनी तिथल्या तिथे मोडला. मला फार वाईट वाटलं.

चैन पडेना, म्हणून दुसऱ्या दिवशी मी थेट त्या चर्चमध्ये फोन लावला. तिथल्या बाई हसल्याच. म्हणाल्या, त्या काळी आमच्याकडे दत्तकाला जमीन मिळायची नाही. तो मुलगा जमीनदाराच्या लेकीचा. आजोळची जमीन मिळाली म्हणून त्याने आडनावही आजोळचं घेतलं. आम्ही दोघांनी त्या लेकीच्या नावाखाली रेघ ओढून पाहिलीच नव्हती.

शेजाऱ्यांना कॉफीला वर बोलावलं. सासऱ्यांना जर्मन येत नाही आणि सांगायचं तर त्यांनाच होतं, म्हणून त्यांनी नातीला जवळ घेतलं. तिला मराठी सगळं कळतं, पण बोलते जर्मनच.

"सांग त्यांना," सासरे म्हणाले, "माझं चुकलं. वंश मुलीकडून चालला. तुम्ही त्याच्याच रक्ताचे."

तिने नीट सांगितलं. शेजाऱ्यांनी डोळे पुसले आणि सासऱ्यांचा हात धरून ठेवला. पोरगी मात्र आजोबांकडे बघत जर्मनमध्ये काहीतरी विचारत राहिली.

"काय म्हणतेय गं ही?" सासऱ्यांनी मला विचारलं.

मला कळलं होतं. पण मी कशाला सांगू? "तिलाच विचारा, बाबा," मी म्हटलं.

तिने शब्द जुळवले. "आबा, पुण्यात भिंतीवर मी नाही."

शेजारी गेल्यावर सासऱ्यांनी पुण्याला फोन लावला. सासूबाईंना म्हणाले, "अगं, ती फ्रेम भिंतीवरून उतरवून ठेव. आल्यावर काच काढायची आहे."